आरेच्या म्हशींचा कार्बन-हिशेब

मुंबई, प्रतिनिधी

अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड या उपनगरांतील असंख्य घरांत आजही सकाळची सुरुवात तबेल्याच्या दुधाने होते. पिशवीतील दुधाची सवय जडून अनेक दशके लोटली, तरी म्हशीच्या ताज्या सुट्या दुधाचा रतीब लावणारी कुटुंबे कमी नाहीत. हे दूध ज्या गोठ्यांतून येते, त्या गोठ्यांविषयी नागरिकांच्या तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. दुर्गंधी, माश्या आणि नाल्यात सोडले जाणारे शेण यांविषयीच बहुधा बोलले जाते. गेल्या काही वर्षांत त्यात हरितगृह वायूंची भर पडली आहे. तबेल्यातून किती मिथेन हवेत जातो, तो मोजायचा कसा आणि कमी करायचा कसा, हे प्रश्न आता केवळ प्रयोगशाळेपुरते उरलेले नाहीत.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये शहराचा वातावरण कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. या आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराचे एकूण उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइड इतके होते. हा हिशेब मुख्यतः ऊर्जावापर, वाहतूक आणि कचरा या तीन क्षेत्रांचा आहे. शहरांच्या उत्सर्जनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमावलीत प्राथमिक पातळीवर हीच तीन क्षेत्रे सक्तीची असतात. शेती, पशुधन आणि जमिनीचा वापर त्यापुढच्या पातळीवर येतात. त्यामुळे वीज, पेट्रोल आणि कचराभूमी यांचा हिशेब लागला, तरी उपनगरातील म्हशी त्या बेरजेबाहेर राहिल्या.

आरेची रचना

उपनगरांतील पशुधनाचे सर्वात मोठे केंद्र म्हणजे गोरेगावची आरे दूध वसाहत. शहरातील दाटीवाटीच्या वस्त्यांत विखुरलेले तबेले एका ठिकाणी आणावेत, जनावरांना स्वच्छ जागा मिळावी आणि शहराला निर्भेळ दूध मिळावे, या हेतूने १९४९ मध्ये ही वसाहत उभारण्यात आली. तत्कालीन दूध आयुक्त दारा खुरोडी या योजनेचे शिल्पकार होते. १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,२८७ हेक्टरांवर पसरलेल्या या वसाहतीत ३२ गोठे आणि सुमारे १६ हजार जनावरे, असे तिचे वर्णन वर्षानुवर्षे केले जाते.

आरे म्हणजे केवळ गोठे नव्हेत. येथे जनावरांसाठी पॅरा गवताची शेते आहेत, तलाव आणि झाडी आहे. वारली व अन्य आदिवासींचे पाडे आहेत आणि त्या पाड्यांवर पावसाळी भात व भाजीपाला पिकवला जातो. जनावरे, वैरण, पीक आणि झाडे एकाच परिसरात असल्याने शेतीशास्त्राच्या भाषेत ही एक मिश्र शेतीच ठरते. २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी झालेल्या वृक्षतोडीमुळे आरेचे नाव देशभर पोहोचले. २०२१ मध्ये येथील ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून वनखात्याकडे आली. झाडांविषयी इतकी चर्चा झाली, पण त्याच परिसरातील म्हशींच्या उत्सर्जनाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

तीन वायू, तीन मापे

मिश्र शेतीतून तीन वायू बाहेर पडतात. डिझेल आणि विजेच्या वापरातून कार्बन डायऑक्साइड, जनावरांच्या पोटातून, शेणातून आणि पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन, तर खत घातलेल्या जमिनीतून आणि शेणमूत्रातून नायट्रस ऑक्साइड. या तिघांची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती सारखी नसते. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक किलो मिथेन हा सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका आणि एक किलो नायट्रस ऑक्साइड सुमारे २६५ किलोइतका मानला जातो. हे आकडे हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या, म्हणजे आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातील आहेत. तीनही वायूंची बेरीज एका मापात मांडण्यासाठी 'कार्बन डायऑक्साइड समतुल्य' हे एकक वापरतात.

मिथेन वातावरणात सुमारे बारा वर्षे टिकतो, तर कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शेकडो वर्षे राहतो. वीस वर्षांचाच काळ धरला तर मिथेनची तीव्रता ऐंशीपटीच्या घरात जाते. म्हणूनच मिथेन कमी केल्याचा परिणाम लवकर दिसतो आणि जगाचे लक्ष या वायूकडे वळले आहे. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय हिशेबात शेतीचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या सुमारे १४ टक्के आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग जनावरांच्या पचनातून येतो.

म्हशीच्या पोटातील मिथेन

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात. माणसाला न पचणारे गवत आणि कडबा ते कुजवतात आणि त्यातून जनावराला ऊर्जा मिळते. या क्रियेत हायड्रोजन तयार होतो व काही सूक्ष्मजीव त्याचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. हा वायू मुख्यतः ढेकरेवाटे बाहेर पडतो. शेपटीकडून बाहेर पडणारा वाटा फारच थोडा असतो. जनावराने खाल्लेल्या ऊर्जेपैकी सुमारे साडेसहा टक्के ऊर्जा मिथेनच्या रूपाने वाया जाते. तबेलेवाल्याच्या दृष्टीने हा पेंडीवर खर्च झालेला पैसाच हवेत जाण्याचा प्रकार आहे.

हा मिथेन मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. जनावराला बंद कोठीत ठेवून आत-बाहेर जाणारी हवा तपासणे ही सर्वात अचूक पद्धत मानली जाते. पोटात ठरावीक गतीने एक खूणवायू सोडणारी नळी ठेवून श्वासातील दोन्ही वायूंचे प्रमाण मोजणे, ही दुसरी. मात्र हजारो म्हशींसाठी असे प्रयोग शक्य नसल्याने सूत्रांचा आधार घ्यावा लागतो.

आयपीसीसीच्या पहिल्या पायरीत जनावरांची संख्या एका ठरावीक गुणकाने गुणतात. भारताच्या राष्ट्रीय हिशेबात दुभत्या म्हशीसाठी वर्षाला सुमारे ५० किलो, संकरित दुभत्या गाईसाठी ४३ किलो आणि देशी दुभत्या गाईसाठी २८ किलो मिथेन असे गुणक वापरले गेले आहेत. १६ हजार म्हशी धरल्या तर वर्षाला ८०० टन मिथेन, म्हणजे सुमारे २२ हजार ४०० टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य होतो.

दुसऱ्या पायरीत जनावर प्रत्यक्षात किती खाते, हे विचारात घेतात. देशभरातील सरासरी म्हैस आणि मुंबईच्या तबेल्यातील मुऱ्हा किंवा जाफराबादी म्हैस यांत मोठा फरक आहे. तबेल्यातील म्हैस धिप्पाड असते, दिवसभर दावणीला बांधलेली असते आणि दूध वाढावे म्हणून तिला भरपूर पेंड, चुनी, भुसा घातला जातो. अशा म्हशीने दिवसाला १२ किलो कोरडा चारा-खुराक खाल्ला, असे धरून सूत्र सोडवले तर वर्षाला सुमारे ९४ किलो मिथेन निघतो. त्या हिशेबाने १६ हजार म्हशींचे उत्सर्जन ४२ हजार टनांवर जाते. एकाच गोठ्यासाठी दोन पद्धतींनी आलेल्या उत्तरांत जवळपास दुपटीचे अंतर पडते. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या पायरीचा आहे, हे आधी पाहावे लागते.

मोठा आकडा धरला तरी तो मुंबईच्या एकूण उत्सर्जनाच्या पाव टक्क्याहूनही कमी भरतो. शहराच्या तापमानवाढीचे खापर म्हशींवर फोडता येणार नाही, हे यावरून स्पष्ट होते. तथापि, या पाव टक्क्यातील मोठा भाग तुलनेने थोड्या खर्चात कमी करता येण्याजोगा आहे आणि त्याचे कारण शेणात दडलेले आहे.

शेण कोठे जाते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत सुमारे ४०० किलो वजनाचे जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण आणि जवळपास तितकेच लिटर मूत्र टाकते, असे गृहीत धरले आहे. गावाकडे या शेणाच्या गोवऱ्या होतात किंवा ते उकिरड्यावर सुकते. शहरात गोवऱ्या थापायला जागा नाही आणि शेण उचलून नेण्याचा खर्च मोठा आहे. त्यामुळे अनेक ठिकाणी पाण्याचा फवारा मारून गोठा धुतात व शेण नाल्यात जाते. दहिसर, ओशिवरा आणि मिठी या नद्यांच्या प्रदूषणाच्या कारणांत तबेल्यांच्या सांडपाण्याचा उल्लेख वारंवार होत आला आहे. ओशिवरा तर आरेच्याच टेकड्यांत उगम पावते.

हवामानाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. शेण कोरडे ठेवले तर त्याला हवा लागते आणि मिथेन फार कमी तयार होतो. तेच शेण पाण्यात कालवून खड्ड्यात साठवले की प्राणवायू संपतो आणि मिथेन तयार करणारे जिवाणू जोमाने वाढतात. मुंबईची उष्ण हवा त्यांना पोषकच ठरते. आयपीसीसीचे सूत्र आणि भारतीय उपखंडातील म्हशीसाठीचे त्यातील आकडे वापरले, तर कोरड्या ढिगातून एका म्हशीमागे वर्षाला चार किलोच्या आसपास मिथेन निघतो. तेच शेण पातळ करून उघड्या खड्ड्यात दीर्घकाळ साठवले तर हा आकडा ६० किलोच्या आसपास जातो. म्हणजे अशा स्थितीत राष्ट्रीय सरासरीने धरलेल्या ढेकरेतील मिथेनपेक्षाही शेणाचा मिथेन अधिक भरतो. नाल्यात वाहून गेलेल्या शेणाचा नेमका आकडा काढणे अवघड असते. वाहत्या पाण्यात त्याला थोडी हवा मिळते, पण गाळात बसलेला भाग कुजतच राहतो.

देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमीत ओला कचरा दबून मिथेन तयार होण्यामागेही हेच तत्त्व आहे. गोराईची कचराभूमी शास्त्रीय पद्धतीने बंद करताना तेथील वायू गोळा करण्याची व्यवस्था करण्यात आली होती, ती त्याच कारणासाठी. तबेल्याचा खड्डा ही त्याचीच छोटी आवृत्ती म्हणता येईल.

गवत, भात आणि खत

भातखाचरात पाणी सतत साचून राहिले तर हेक्टरी सुमारे १६२ किलो मिथेन निघतो, असा भारतातील गुणक आहे. हंगामात एकदा पाणी काढून जमीन उघडी केली तर तो ६६ किलोंवर आणि अनेकदा उघडी केली तर १८ किलोंवर येतो. डोंगरउतारावरील पाणी न साचणाऱ्या भातातून मिथेन जवळपास निघतच नाही. आरेच्या पाड्यांवरील शेती उताराची, थोड्या क्षेत्राची व पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे तिचा वाटा नगण्य म्हणावा लागेल.

रासायनिक खताचा हिशेब मात्र प्रत्येक शेतकऱ्याने माहीत करून घ्यावा असा आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. त्यातील सरासरी एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते, असे धरले तर एका गोणीमागे सुमारे ८६ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य होतो. युरिया जमिनीत विरघळताना आणखी ३३ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. खत कारखान्यात तयार होताना जळलेले इंधन यात धरलेले नाही. पॅरा गवताच्या शेताला युरियाऐवजी त्याच परिसरातील शेणखत दिले, तर गोणी वाचते आणि शेणाचीही सोय लागते.

शंभर म्हशींच्या तबेल्याचा नमुना हिशेब

पुढील हिशेब कोणा एका प्रत्यक्ष तबेल्याचा नाही. पद्धत समजावी म्हणून तो मांडला आहे. शंभर दुभत्या म्हशी, महिन्याला २,००० युनिट वीज, दिवसाला १० लिटर डिझेल, पाणी साचणारे एक हेक्टर भात आणि वर्षाला युरियाच्या १० गोण्या, असे गृहीत धरले आहे. सर्व आकडे वर्षाचे व कार्बन डायऑक्साइड समतुल्य टनांत आहेत.

पचनातील मिथेन (पहिली पायरी) : १४०
शेण, कोरडा ढीग असल्यास : ११
शेण, पातळ करून खड्ड्यात साठवल्यास : १६८
वीज (युनिटमागे ०.७ किलो) : १७
डिझेल (लिटरमागे २.७ किलो) : १०
भात : ४.५
युरिया : १.२

शेण कोरडे ठेवले तर एकूण बेरीज सुमारे १८४ टन, खड्ड्यात साठवले तर सुमारे ३४१ टन होते. शेणमूत्रातील नायट्रस ऑक्साइड आणि बाहेरून येणाऱ्या पेंडीचे उत्सर्जन यात धरलेले नाही. म्हशी तितक्याच, दूध तितकेच, तरीही केवळ शेणाच्या व्यवस्थेमुळे उत्सर्जन जवळपास दुप्पट होऊ शकते.

सीमा कोठे आखायची?

हिशेबातील सर्वात वादाचा मुद्दा सीमेचा असतो. मुंबईचा तबेला ही एक निराळी व्यवस्था आहे. येथे म्हशी बहुधा जन्मत नाहीत व वाढतही नाहीत. हरियाणा, गुजरातमधून व्यालेली म्हैस आणायची, दूध असेपर्यंत ठेवायची आणि आटली की बाहेर पाठवायची, अशी येथील जुनी रीत आहे. त्यामुळे तबेल्यात जवळपास प्रत्येक म्हैस दुभती दिसते आणि लिटरमागचे उत्सर्जन कमी भरते. वर्षाला २,४०० लिटर दूध देणाऱ्या म्हशीच्या ढेकरेतील मिथेन लिटरमागे सुमारे ०.६ किलो कार्बन डायऑक्साइड समतुल्य होतो. १,५०० लिटर देणाऱ्या म्हशीसाठी तो ०.९ किलोच्या पुढे जातो. मात्र तीच म्हैस पारडू असल्यापासून पहिल्या वेतापर्यंत जी वर्षे दूध न देता खात होती, त्यांचे उत्सर्जन हरियाणातील गावाच्या खात्यावर राहते. भाकड काळाचेही तसेच.

तबेले शहराबाहेर हलवण्याच्या प्रश्नालाही हाच मुद्दा लागू पडतो. शहरी भागात गुरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा १९७६ चा आहे आणि तबेले पालघर जिल्ह्यातील दापचरीला हलवण्याचा विषय अनेक वर्षे चर्चेत राहिला. स्वच्छता, वाहतूक, नद्यांचे प्रदूषण या कारणांनी स्थलांतराचे समर्थन करता येईल. परंतु म्हैस गोरेगावात असो की दापचरीत, तिची ढेकर तेवढीच राहते. उलट दूध शंभर किलोमीटरवरून आणण्यासाठी शीतकरणाचा आणि डिझेलचा खर्च वाढतो. स्थलांतराने मुंबईचा आकडा कमी होईल, वातावरणातील वायू मात्र कमी होणार नाही. तबेल्यांवर पोट असलेल्या मालक, गवळी आणि मजूर कुटुंबांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. मिथेनचे कारण पुढे करून त्यांना हटवले गेले, तर ते हिशेबाला धरून होणार नाही.

झाडांच्या बाबतीतही असाच एक गैरसमज आढळतो. आरेची झाडी कार्बन शोषून घेते, तेव्हा म्हशींचे उत्सर्जन आपोआप फिटले, असा युक्तिवाद केला जातो. परंतु ती झाडी म्हशी असोत वा नसोत, कार्बन शोषतच असते. झाडे तोडली तर तो साठा पुन्हा हवेत जातो. वजाबाकी करायचीच, तर नव्याने वाढलेल्या साठ्याचीच करता येते.

उत्सर्जन कमी करण्याचे मार्ग

पहिला आणि सर्वात परिणामकारक मार्ग शेणाचा. गोठा धुण्याआधी शेण फावड्याने उचलून वेगळे ठेवले तरी बराच मिथेन टळतो. त्यापुढची पायरी गोबरगॅसची. साधारण २५ किलो शेणातून एक घनमीटर वायू मिळतो. शंभर म्हशींच्या दीड हजार किलो शेणापासून दिवसाला सुमारे ६० घनमीटर वायू, म्हणजे घरगुती गॅसच्या जवळजवळ दोन सिलिंडरांइतके इंधन तयार होऊ शकते. या तंत्राशी मुंबईचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकातच माटुंग्याच्या कुष्ठरुग्णाश्रमात मैल्यापासून वायू मिळवण्यात आला होता. तरंगत्या टोपीचा गोबरगॅस देशभर पोहोचवणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय विलेपार्ल्यात आहे, तर ओल्या कचऱ्यापासून वायू बनवणारे 'निसर्गऋण' तंत्र ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले. मात्र संयंत्र गळके असेल किंवा जास्तीचा वायू न जाळता हवेत सोडला जात असेल, तर फायद्याऐवजी तोटाच होतो, कारण संयंत्रात मिथेन मुद्दाम अधिक तयार केला जातो. म्हणून गळतीची तपासणी नियमित व्हावी लागते.

दुसरा मार्ग खुराकाचा. पेंड आणि वैरण यांचे प्रमाण म्हशीच्या दुधानुसार ठरवणे, खनिज मिश्रण देणे आणि निकृष्ट कडब्याऐवजी हिरवा चारा वाढवणे यांनी लिटरमागचा मिथेन घटतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात ही घट दहा टक्क्यांहून अधिक आढळली. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने २०२१ मध्ये 'हरित धारा' हे खुराकात मिसळण्याचे मिश्रण पुढे आणले. त्याने १७ ते २० टक्के मिथेन कमी होतो, असे संस्थेचे म्हणणे आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लिटरमागचे उत्सर्जन घटले आणि त्याच वेळी म्हशींची संख्या वाढली, तर एकूण उत्सर्जन वाढूही शकते. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच प्रगती मोजावी लागते.

तिसरा मार्ग आरोग्याचा. दगडी (स्तनदाह) होणारी, वेळेवर गाभण न राहणारी म्हैस दूध कमी देते, मिथेन मात्र पुरेपूर सोडते. स्वच्छ गोठा, लसीकरण आणि वेळेवर उपचार यांना हवामानाचे उपाय कोणी म्हणत नाही, पण हिशेबात त्यांची नोंद उतरते.

जगात या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी शोधली जात आहेत. डेन्मार्कने २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावण्याचे ठरवले आहे. न्यूझीलंडने तशीच योजना शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०२४ मध्ये मागे घेतली. २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याच्या २०२१ च्या जागतिक संकल्पात भारत सामील झालेला नाही. दोन-चार जनावरांवर जगणाऱ्या कोट्यवधी कुटुंबांवर निर्बंध लादता येणार नाहीत, ही त्यामागची भूमिका आहे.

नोंदवहीपासून सुरुवात

हे सारे करण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. जनावरांची महिनावार संख्या (दुभती, भाकड, पारडी वेगळी), रोजची वैरण व पेंड, दुधाचे माप, शेणाची विल्हेवाट आणि वीज-डिझेलची बिले, एवढ्या पाच नोंदी वर्षभर नियमित ठेवल्या तर कोणत्याही तबेल्याचा हिशेब दुसऱ्या पायरीपर्यंत नेता येतो. यांतील दुधाचे आणि पेंडीचे आकडे तबेलेवाला व्यवहारासाठी तसेही लिहून ठेवतो. उणीव असते ती शेणाच्या नोंदीची. महापालिकेच्या पुढील हिशेबात पशुधनाचा समावेश झाला, तर सर्वप्रथम हाच रकाना भरावा लागेल. तो भरण्याच्या निमित्ताने शेण नाल्याऐवजी संयंत्रात गेले, तर मिथेनइतकाच लाभ ओशिवरा आणि मिठीकाठच्या रहिवाशांनाही मिळेल.